भीतीच्या हातात बंदूक

(बी. ए. भाग २)

भुताच्या गोष्टीला एक खोड असते. ती लोकांना आवडली की तिचा पुढचा भाग निघतो, आणि पुढचा भाग निघाला की भूत म्हातारे होऊ लागते. पहिल्या वेळी दार वाजले तेव्हा आपण अंथरुणात अंग चोरले. दहाव्या वेळी वाजते तेव्हा आपण उठून कडी काढतो. मग गोष्ट सांगणाऱ्यापुढे पेच पडतो. भीती तर ओसरत चालली, आता माणसांना धरून कसे ठेवायचे? माझ्या समजुतीप्रमाणे इथून दोन वाटा फुटतात. एक, घाबरणाऱ्याच्या हातात चांगलेसे हत्यार द्यायचे. दुसरी, ते भूत मुळात कोण होते हे सांगायचे. दुसऱ्या वाटेने आपली एक मराठी मालिका गेली, तिच्याकडे मी येणारच आहे. पहिल्या वाटेने जी गेली ती जपानची आहे, व्हिडिओ गेमची आहे, आणि माझा तिच्यावर फार जीव आहे. तक्रार तिच्याचबद्दल आहे.

वार्षिकांकात व्हिडिओ गेमवर लेख कशाला, असे काहींना वाटेल. पण आमच्या वर्गात एखादी कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली मुले बोटांवर मोजावी लागतात, आणि गेम न खेळलेला मुलगा शोधून आणावा लागेल. ज्या गोष्टींवर आमच्या रात्री जातात त्यांच्याबद्दल आम्हांला ऐकायला काय मिळते, तर 'डोळे जातील'. गोष्ट म्हणून तिच्यात काय आहे, हे कोणी विचारत नाही.

तर ही मालिका म्हणजे 'रेसिडेंट ईव्हिल'. जपानात तिचे नाव 'बायोहॅझर्ड'. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने मार्च १९९६ मध्ये पहिला भाग काढला. दिग्दर्शक शिंजी मिकामी. डोंगरातल्या जंगलात एक प्रचंड वाडा आहे, खाली गुप्त प्रयोगशाळा आहे, तिथे एका विषाणूने माणसांची चालती प्रेते झाली आहेत. पोलिसांच्या खास तुकडीतले ख्रिस आणि जिल त्या वाड्यात अडकतात. त्यांतला एक आपण व्हायचे आणि जिवंत बाहेर पडायचे. खेळाच्या आरंभीच पडद्यावर 'सर्व्हायव्हल हॉरर' हे शब्द येतात, आणि पुढे या सगळ्या जातीच्या खेळांना तेच नाव पडले. यात शब्दांची जोडी पाहण्यासारखी आहे. यात जिंकणे नाही, तगणे आहे.

तगायचे म्हणजे मोजायचे. ख्रिसच्या जवळ फक्त सहा वस्तू मावतात. पिस्तूल एक, त्याच्या गोळ्या दुसरी, जखमेवरची झाडपत्ती तिसरी, किल्ली चौथी. झाले, पिशवी भरत आली. नवीन काही सापडले तर जुने काहीतरी मागे ठेवून यावे लागते. खेळ जिथे थांबवला तिथून उद्या सुरू करायचा तर वाड्यातला टाइपरायटर शोधायचा, आणि त्याला लागणारी शाईची फीतसुद्धा मोजकीच. म्हणजे 'आता थांबतो' असे म्हणायलाही गाठीला काही असावे लागते!

हे सगळे मला शिकवावे लागले नाही. आमच्या घरी आई तांदळाचा डबा नुसता हलवून किती दिवस निघतील ते सांगते. माझे मामेभाऊ कोल्हापुरात वाढलेले. त्यांच्याच जुन्या कॉम्प्युटरवर मी दिवाळीच्या सुट्टीत हा खेळ प्रथम खेळलो. ते दिसेल त्यावर गोळ्या झाडून अर्ध्या तासात मोकळे झाले. मी एकेक गोळी राखली, जिथे वळसा घालून जाता येईल तिथे वळसा घातला, कोणत्या बोळात कोण उभे आहे ते वहीत लिहून ठेवले. दोन दिवसांनी तो वाडा मला आमच्या गल्लीसारखा पाठ झाला. भीतीचे हे एक काम असते. जो घाबरलेला असतो तो नीट बघतो.

आमच्या गगनबावड्याच्या माणसाला हे निराळे सांगायला नको. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस आमच्या तालुक्यात पडतो, आणि आषाढात धुके असे उतरते की करूळ घाटाच्या तोंडाशी हातावरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी रस्त्यावर गवा उभा असला तर तो आधी वासाने आणि फुरफुरण्याने कळतो, मग दिसतो. वडिलांनी मला सायकल दिली तेव्हा एवढेच सांगितले होते, "गवा दिसला तर थांबायचं. घंटी वाजवायची न्हाय, दगूड मारायचा न्हाय. त्येला जाऊ द्यायचं, मग आपुन जायचं." त्या रस्त्यावर पुढे कान उघडे ठेवून जायची जी सवय लागली, ती मला त्या जपानी वाड्यात उपयोगी पडली.

धुक्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. कोनामी कंपनीचा 'सायलेंट हिल' हा असाच दुसरा भयखेळ १९९९ साली निघाला. त्यातले गाव सतत धुक्यात बुडालेले असते. मोठमोठ्या समीक्षकांनी त्या धुक्याचे कौतुक केले आहे. पण मूळ कारण साधे होते. त्या वेळच्या प्लेस्टेशन यंत्राला लांबचे सगळे रस्ते, सगळी घरे एकदम काढता येत नसत, म्हणून लांबचे झाकायला धुके घातले. यंत्राची ऐपत नव्हती, आणि त्यातूनच ती भीती आली. 'रेसिडेंट ईव्हिल'मध्येही दार उघडताना मोठ्ठे दार सावकाश करकरताना दिसते. त्या वेळात यंत्र पुढची खोली जुळवत असते. पलीकडे काय असेल हा विचार करायला आपल्याला तेवढा वेळ मिळतो. पुढे यंत्रे श्रीमंत झाली. दारे झटकन उघडू लागली.

पण पहिल्या भागातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट गोळ्यांची नाही. वाड्यात एके ठिकाणी कुत्री सांभाळणाऱ्या नोकराची खोली आहे. तिथे त्याची डायरी सापडते. आरंभी तो सोबत्यांबरोबर पत्ते खेळल्याचे लिहितो. मग एके दिवशी त्याला अंगभर झाकणारा पोशाख घालायला लावतात, काय झाले ते नीट सांगत नाहीत. मग अंगाला खाज सुटते, सूज येते, भूक वाढते. पानागणिक वाक्ये लहान होत जातात, शेवटी दोन शब्द उरतात, त्यांचाही एकमेकांशी संबंध नाही. डायरी मिटतो न मिटतो तोच कपाट उघडून एक प्रेत अंगावर येते.

ते कोण, हे सांगायला नको. मी त्याला मारले, कारण मारणे भाग होते. पण तो कोण होता हे मला माहीत होते. तो नोकर होता. मालकाने सांगितले तो पोशाख त्याने घातला होता.

आता चौथ्या भागाकडे येतो. जानेवारी २००५. दिग्दर्शक पुन्हा मिकामीच. दोन-तीन भागांनी भूत म्हातारे झाले होते, नवे काही हवे होते. त्या शोधात बरेच आराखडे केले आणि टाकले गेले. त्यांतला एक इतका मारधाडीचा झाला की त्याचा 'डेव्हिल मे क्राय' नावाचा वेगळाच खेळ २००१ साली निघाला. शेवटी जो चौथा भाग आला त्याने व्हिडिओ गेमचे जगच बदलले, असे म्हणतात आणि ते खरे आहे. कॅमेरा आता नायकाच्या खांद्यामागे आला. पूर्वी खोलीच्या कोपऱ्यातून कोणीतरी आपल्याला पाहत असल्यासारखे वाटे; आता आपण नेम धरून पाहू लागलो. पिशवीची पेटी झाली, ती मोठी करून मिळू लागली. वाटेत एक व्यापारी भेटतो, तो बंदुका विकतो, जुन्या बंदुका सुधारून देतो. आणि पैसे? ते मेलेल्या माणसांजवळून पडतात. गोळ्याही पडतात. म्हणजे जितके मारावे तितके आणखी मारता यावे, अशी सोय.

खेळ म्हणून हा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे. मी तो तीन वेळा पुरा केला आहे आणि संधी मिळाली तर चौथ्यांदा करीन.

पण मारायचे कोणाला, ते पाहा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची मुलगी पळवून नेली आहे, तिला सोडवायला लिऑन नावाचा अधिकारी स्पेनमधल्या एका खेड्यात येतो. झाडीमागून तो दुर्बिणीने गाव बघतो. गावात काय चालले आहे? कोणी गवत उचलते आहे, कोणी ढकलगाडी नेते आहे, गोठ्यात गाय आहे, अंगणात कोंबड्या आहेत. मध्ये एका पोलिसाला जाळले आहे, हे खरे. ही माणसे एका परोपजीवी किड्याच्या ताब्यात गेली आहेत, हेही खरे. पण पुढे ती अंगावर येतात ती काय घेऊन? विळे, कुऱ्हाडी, गवताचे आकडे. डोक्याला रुमाल बांधलेली बाई आकडा घेऊन धावते. आमच्या घराच्या पडवीत जे टांगलेले आहे, जवळजवळ तेच सगळे. आणि या माणसांना खेळात नाव काय दिले आहे? 'गनाडो'. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ गुरेढोरे.

पहिल्या भागात एका नोकराची डायरी होती. चौथ्यात गावच्या गाव आहे आणि त्यातल्या एकाही शेतकऱ्याचे मला नाव माहीत नाही. गावाच्या मुखियाला नाव आहे, पुढच्या किल्ल्यातल्या सरदाराला नाव आहे. विळा घेतलेल्याला नाही. तो पडतो, विरघळून जातो, आणि जागेवर पैसे राहतात.

पुढच्या दोन भागांत हीच वाट रुंद झाली. मार्च २००९ मध्ये पाचवा भाग आला. या वेळी आफ्रिकेतले एक काल्पनिक गाव, आणि गोरा नायक. २००७ साली त्याची पहिली झलक दाखवली तेव्हाच गदारोळ झाला होता, की गोरा माणूस काळ्या माणसांच्या झुंडीवर गोळ्या झाडतो आहे, हे काय दाखवता? कंपनीने पुढे आफ्रिकन सोबतीण दिली, झुंडीत निरनिराळ्या वर्णाची माणसे मिसळली. खपावर परिणाम झाला नाही. अनेक वर्षे तो मालिकेतला सर्वांत जास्त खपलेला भाग होता. याच भागात शेवटी नायक एका भल्याथोरल्या दगडाला बुक्क्या मारमारून ढकलतो. आम्ही हसलो. भयकथेत इतके हसू येणे बरे नव्हे. ऑक्टोबर २०१२ मधला सहावा भाग तर इतका धावपळीचा झाला की जुने चाहतेही दमले.

माझा एक मित्र आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत घाटावरच्या एका हॉटेलात काम. माझे हे पुराण ऐकून तो म्हणाला, "लेका, भ्यायला मला गेम कशाला पायजे? दिवसभर भिऊनच असतोय. मालकाला भितोय, फीच्या तारखेला भितोय, पेपरला भितोय. तासभर कोणतरी हातात बंदूक देतंय, तर घेऊ नको?"

याला माझ्याजवळ झटकन उत्तर नव्हते, अजूनही पुरते नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. ऑफिसच्या खिडकीपाशी फॉर्म घेऊन उभे राहताना पोटात गोळा येतो तो मला माहीत आहे. गोळ्या मोजत वाड्यात हिंडण्याची चैन, घरात ज्याला काही मोजावे लागत नाही त्याने करावी, असे मित्राचे म्हणणे असेल तर त्यात तथ्य आहे. मी एवढेच म्हणालो, की बंदूक घे, पण समोर कोण उभा केलाय ते तरी बघ. मालक नाही, फीची तारीख नाही. विळा घेतलेला माणूस आहे. तो म्हणाला, "त्यो झोंबी हाय." मी म्हणालो, त्यो आधी कोण व्हता? यावर तो भांडी विसळायला गेला.

त्यो आधी कोण व्हता, हा प्रश्न आमच्याकडच्या प्रत्येक भुताला विचारता येतो. आणि त्याला उत्तर असते. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. माझी आजी भुताला फार भिते, पण ती भूत कधी नुसते 'भूत' म्हणत नाही. ती कोणाची कोण, कुठल्या घरात दिलेली, तिच्या सासूने काय केले, इथपर्यंत सांगते. ऐकताना भीती वाटते आणि मग एकदम त्या बाईची कीव येते. उतारा ठेवतात तोही मारायला नव्हे, द्यायचे राहिले ते द्यायला.

म्हणून मला 'रात्रीस खेळ चाले'चे उदाहरण मोलाचे वाटते. झी मराठीवर २०१६ साली ही मालिका सुरू झाली. आमचा घाट उतरून वैभववाडी, तिथून तळेरे, कणकवली, कुडाळ करत सावंतवाडीच्या अलीकडे आकेरी लागते. तिथल्या वाड्यात तिचे चित्रीकरण झाले, आणि पुढे तो वाडा बघायला माणसे गाड्या करून जात. पहिल्या भागाच्या आरंभीच अण्णा नाईक गेलेले असतात, आणि सगळे कुटुंब गावच्या घरी जमते. अंधार, मालवणी बोलणे, वेडसर पांडू. आमच्या गल्लीत त्या वेळेला बाहेरचा दिवा कोणी मालवत नसे. जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला. तो पुढे गेला नाही, मागे गेला. त्यात अण्णा जिवंत आहेत. माई आहेत, शेवंता आहे.

लोक म्हणाले, भीती गेली, आता नुसते अण्णा आणि शेवंता. अण्णांना चक्क चाहते मिळाले, हे मलाही खटकते. पण भीती खरोखर गेली का? पहिल्या भागात आम्ही मेलेल्या अण्णांना भीत होतो. दुसऱ्या भागात जिवंत अण्णांना माई भीत होत्या. भूत दिसेनासे झाले आणि त्याच्या जागी गावातला एक मोठा माणूस दिसू लागला, ज्याच्यासमोर कोणी बोलत नाही. आमची आजी पहिल्या भागाला पदर तोंडावर घेई. दुसऱ्या भागाला ती टीव्हीकडे बघून शिव्या देई. मला विचाराल तर हे भूत म्हातारे झाले नाही, त्याचे वय कळले. (२०२१ चा तिसरा भाग मी सगळा पाहिलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.)

हत्याराची वाट मराठीत नव्हतीच असे मात्र नाही. नारायण धारप आमच्या लायब्ररीतले सर्वांत झिजलेले लेखक आहेत. त्यांच्या समर्थ-कथा घ्या. समर्थांनी दारात पाऊल टाकले की वाचकाला कळते, आता निभावले. उरतो तो फक्त सामना. मला धारपांच्या त्या कथा जास्त भिववतात ज्यांत समर्थ येत नाहीत, ज्यांत साध्या नोकरदार माणसाला आपल्याच घरातली एक खोली उघडावी लागते. तरी धारपांच्या बाजूने एक सांगायला हवे. समर्थांचे बळ कोणाला मारून पडलेल्या पैशांनी वाढत नाही.

कॅपकॉमलाही हे कळले असावे. जानेवारी २०१७ मधला सातवा भाग पाहा. पुन्हा एक घर, अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीतले. पुन्हा मोजक्या गोळ्या. नायक इथन हा कोणी कसलेला शिपाई नाही, बायकोला शोधायला आलेला साधा माणूस. घरात बेकर कुटुंब आहे. बाप जॅक भिंती फोडून मागे लागतो, मेला मेला म्हणता पुन्हा उठतो. आणि बऱ्याच उशिरा, सगळे होऊन गेल्यावर, तोच जॅक इथनला भेटल्यासारखा होतो आणि शांतपणे सांगतो की आम्ही असे नव्हतो, माझ्या घरच्यांना सोडव. वादळात सापडलेल्या एका मुलीला त्यांनी घरात आसरा दिला होता, तिथून हे सगळे लागले.

हा भाग मामेभावांच्या कॉम्प्युटरला पेलत नाही. दुसऱ्या कोणीतरी खेळलेला आम्ही मोबाइलवर पाहिला, मी आणि तो हॉटेलातला मित्र, त्याच्या सुट्टीच्या दिवशी. जॅकचे बोलणे झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे आधी सांगाया काय झालं व्हतं?"

२०२१ च्या आठव्या भागात पुन्हा एक खेडे आले, बर्फातले, आणि घोडागाडीत बसून बंदुका विकणारा एक गलेलठ्ठ व्यापारीही आला. या खेड्यातली माणसे लांडगे येण्याआधी एका घरात जमून प्रार्थना करताना दिसतात, तेवढे बरे वाटले. आणि मार्च २०२३ मध्ये चौथा भागच नव्याने बनवून काढला: तेच गाव, तोच गोठा, तेच विळे, फक्त चेहरे इतके खरे की सुरकुत्या मोजाव्यात. मित्र त्याच्यासाठी पैसे साठवतो आहे. कॉम्प्युटर कुणाचा वापरायचा ते अजून ठरलेले नाही. ठरले तर मीही जाणार आहे.